विरजण लावलेलं पाणी

स्थापत्य अभियांत्रिकीची आपल्याकडची इंग्रजी पाठ्यपुस्तकं चाळताना मराठी माणूस एका पानावर थबकतो. सगळीकडे फ्लो, ग्रेडियंट, डिस्चार्ज चाललेलं असतं आणि मध्येच भेटतो ‘नहाणी ट्रॅप’. न्हाणीघराच्या कोपऱ्यात, जाळीखाली, बिडाची किंवा प्लास्टिकची जी वाटी बसवलेली असते ती ही. न्हाणी हा शब्द आपल्या बोलण्यातून जवळजवळ गेला. फ्लॅटच्या जाहिरातीत तर तो औषधालाही सापडत नाही. पण बांधकामाच्या साइटवर आणि परीक्षेच्या पेपरात तो अजून टिकून आहे.

त्या वाटीत चार-पाच सेंटिमीटर पाणी कायम साचून राहतं आणि तेच दाराचं काम करतं. आपण सांडलेलं पाणी त्यातून पलीकडे जातं, पलीकडची घाण हवा अलीकडे येत नाही. कमोडच्या बुडाशी दिसणारं पाणीही याच कामावर असतं. नळी वाकवून तिच्यात पाणी अडकवून ठेवायची ही युक्ती अलेक्झांडर कमिंग नावाच्या लंडनच्या घड्याळजीने १७७५ मध्ये पेटंट करून घेतली. अडीचशे वर्षांत नळीचा आकार बदलला, मूळ युक्ती मात्र तीच राहिली. मे महिन्यात घराला कुलूप लावून गावी गेलेली माणसं परत येतात, दार उघडताच सडका वास येतो आणि लगेच प्लंबरला फोन जातो. बहुतेक वेळा वाटीतलं पाणी वाळलेलं असतं, एवढंच. दोन तांबे पाणी ओतलं की काम भागतं. वरच्या मजल्यावर कुणी फ्लश केल्यावर आपल्या मोरीतून गुडगुड ऐकू येत असेल, तर मात्र कारण वेगळं. उभ्या पाइपातून वेगाने उतरणारं पाणी मागे पोकळी करतं आणि आपल्या वाटीतलं पाणी ओढून नेतं. तसं होऊ नये म्हणूनच तो पाइप गच्चीच्याही वर नेऊन उघडा सोडलेला असतो. गच्चीवर पत्र्याची शेड घालताना ‘हे काय मध्येच’ म्हणून त्याचं तोंड बुजवणारे महाभाग मी पाहिले आहेत.

शहराची पाणीयोजना आखताना माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. त्यातलं सुमारे ८० टक्के ड्रेनेजमध्ये परत येतं. म्हणजे चौघांचं घर रोज सव्वाचारशे लिटरच्या आसपास सांडपाणी बाहेर सोडतं. यातला ९९.९ टक्के भाग निव्वळ पाणी असतो. हजारातला एक भाग काय तो मैला, साबण, खरकटं, तेल. पुढचा सगळा खटाटोप त्या एका भागासाठी.

जुन्या इमारतींच्या मागच्या बाजूला दोन पाइप उतरताना दिसतात, एक संडासचा आणि एक न्हाणी-मोरीचा. दुसरा तळाशी गली ट्रॅपमध्ये येतो आणि मग दोघांचं पाणी चेंबरमध्ये एक होतं. इथून पुढे पाण्याला ढकलायला कुणी नसतं, ते फक्त उताराने जातं, आणि या उताराचं गणित फार नाजूक आहे. वेग सेकंदाला निदान ६० सेंटिमीटर हवा. त्याहून संथ झालं की मैला तळाशी बसतो आणि ‘चोकप’ची तक्रार येते. सेकंदाला ३ मीटरच्या वर गेलं की पाण्यातली वाळू पाइपच खरवडते. शिवाय पाइप काठोकाठ भरून चालत नाही, वरचा काही भाग हवेसाठी मोकळा राहावा लागतो. घराजवळच्या सहा इंची पाइपाला शंभर मीटरला साधारण एक मीटर उतार देतात. पाइप मोठा झाला की थोडक्या उतारावरही भागतं. तरीही किलोमीटर-दोन किलोमीटरमध्ये तो इतका खोल जातो की पुढे खणणं परवडेनासं होतं. मग तिथे पंपिंग स्टेशन येतं. पाणी एका मोठ्या विहिरीत गोळा करायचं, पंपाने वर उचलायचं आणि पुन्हा उताराला लावायचं. वरळीच्या जुन्या पंपिंग स्टेशनचं नाव ‘लव्ह ग्रोव्ह’ आहे, म्हणजे प्रेमाची राईच म्हणायची.

दिवाळीतलं तळणीचं तेल मोरीत ओतताना ते पातळ असतं. जमिनीखालच्या गारव्यात ते दाट होतं, पाइपाच्या कडेला चिकटतं आणि त्याला केस, चिंध्या, चहाचा चोथा धरत जातो. ‘फ्लश करा’ असं पाकिटावर छापलेले ओले रुमाल पाण्यात विरघळत नाहीत, ते नेमके याच थरात अडकतात. मला विचाराल तर त्या छापील वाक्यावर बंदी हवी.

पाइपात हवा कमी आणि मैला जुना, अशी अवस्था झाली की ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला तर नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं, आणि जीव जातो तो अशा वेळी. मॅनहोलमध्ये उतरलेला एक कामगार बेशुद्ध पडला, त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा, अशा बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो आहोत. माणसाला असं उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवून दिली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागली यातच काय ते आलं. जेटिंग मशीन आहे, सक्शन गाडी आहे, खाली उतरणारे यंत्रमानवही आहेत. तरी गल्लीच्या टोकाशी रविवारी सकाळी कुणीतरी दोरी धरून उभा असतो.

हाच वायू पाइपाच्या वरच्या ओलसर भागावर चढतो. तिथले दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि ते आम्ल काँक्रीट खातं. चांगला दिसणारा रस्ता एका दिवशी अचानक खचतो, त्याच्या मुळाशी कधीकधी हे असतं.

शुद्धीकरण प्रकल्पात शिरताना पाण्याची पहिली गाठ लोखंडी गजांच्या जाळीशी पडते. इथे काय अडकत नाही? गुटख्याच्या नि शाम्पूच्या पुड्या, सॅनिटरी पॅड, निर्माल्य, खेळण्यातला हत्ती, कपड्यांचे पिळे. त्यानंतर पाण्याचा वेग सेकंदाला ३० सेंटिमीटरच्या आसपास आणतात. यात एक मेख आहे: एवढ्या वेगाला जड वाळू खाली बसते, पण हलका मैला वाहतच राहतो. वाळू वेगळी निघाली की ती भरावाला टाकता येते. मैला मिसळला तर तिला कोणी हात लावत नाही. पुढच्या मोठ्या गोल टाकीत पाणी दोन-एक तास निवळतं, जड गाळ तळाला जातो आणि वर गढूळ, राखी पाणी उरतं. जे डोळ्यांना दिसत होतं ते गेलं. आता पाण्यात विरघळलेलं काढायचं आहे, आणि तिथे जाळी, गाळणी, तुरटी यांतलं काहीच उपयोगी पडत नाही.

ही गाठ १९१४ मध्ये मँचेस्टरमध्ये सुटली. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट हे तिथल्या डेव्हीह्यूम मैलापाणी केंद्रातले दोघे रसायनतज्ज्ञ. त्यांनी काचेच्या बाटल्यांत मैलापाणी भरलं, शेवाळ धरू नये म्हणून बाटल्यांना तपकिरी कागद गुंडाळला आणि आतून हवेचे बुडबुडे सोडत राहिले. पहिल्या खेपेला पाणी पुरतं शुद्ध व्हायला पाच आठवडे लागले. असे प्रयोग इतरांनीही केले होते, आणि ते प्रत्येक वेळी बाटली स्वच्छ धुऊन नव्याने सुरुवात करत. या दोघांनी तसं केलं नाही. वरचं निवळ पाणी ओतून दिलं, तळाशी साचलेला तपकिरी साका तसाच ठेवला आणि त्यावर ताजं मैलापाणी ओतलं. दुसऱ्या खेपेला वेळ कमी लागला, तिसऱ्या खेपेला आणखी कमी. असं करत करत पाच आठवड्यांचं काम चोवीस तासांत होऊ लागलं.

आपल्या आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, यात काय, विरजण ठेवलंन् त्यांनी! दह्याचं भांडं कोणी घासूनपुसून मोकळं करत नाही, चमचाभर दही मागे ठेवतोच. तो साका म्हणजे कोट्यवधी जिवाणूंची वसाहत होती. मैला हे त्यांचं अन्न. बुडबुड्यांतला ऑक्सिजन घेऊन ते विरघळलेली घाण खातात, वाढतात, एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात आणि हवा थांबवली की या गुठळ्या तळाशी बसतात. म्हणजे जे पाण्यातून काढता येत नव्हतं त्याचं जिवाणूंच्या अंगात रूपांतर झालं, आणि ते आता सहज खाली बसतं. आर्डर्न-लॉकेटना ही दिशा दाखवणारे त्यांचे वरिष्ठ गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि काही वर्षं इथे शिकवत राहिले. ही पद्धत आपल्या देशाला इतकी लवकर माहीत होती.

आजच्या प्रकल्पातली हवेची टाकी म्हणजे तीच बाटली, फुटबॉलच्या मैदानाएवढी केलेली. तळाच्या नळ्यांतून रात्रंदिवस बुडबुडे येतात आणि पाणी कडक चहासारखं तपकिरी दिसतं. चार-सहा तासांनी ते पुढच्या टाकीत निवळायला जातं. वरचं स्वच्छ पाणी क्लोरीन देऊन बाहेर सोडतात. तळाचा बराचसा साका विरजण म्हणून मागे फिरवतात आणि वाढलेला तेवढा बाजूला काढतात. अलीकडच्या बऱ्याच प्रकल्पांत हे सगळं एकाच टाकीत पाळीपाळीने होतं: भरा, घुसळा, थांबा, वरचं काढा. इंजिनीअर लोक त्याला एसबीआर म्हणतात.

टाकीवरच्या माणसाची रोजची चाचणी बघण्यासारखी असते. तो टाकीतलं लिटरभर पाणी काचेच्या नळकांड्यात घेतो आणि अर्धा तास नुसतं बघत बसतो. साका किती खाली बसला, त्याची कड सरळ आहे का, वरचं पाणी निवळ आहे का, यावरून टाकीची तब्येत त्याला कळते. कधीकधी धाग्यांसारखे जिवाणू माजतात, साका फुगतो आणि खाली बसायचं नावच घेत नाही. तार सुटलेलं दही ज्याने पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. सूक्ष्मदर्शकाखाली देठावर डोलणाऱ्या घंटेसारखे व्हॉर्टिसेला दिसले तर स्वारी खूश होते, कारण ते असले म्हणजे टाकीत सगळं आलबेल.

नदीतही हेच घडतं. दगडांवरून खळाळताना पाणी हवा घेतं आणि नदीतले जिवाणू घाण खातात. आपल्या पूर्वजांनी वाहत्या पाण्यावर टाकलेला विश्वास अगदीच खुळा नव्हता. बिघडलं ते प्रमाण. पाण्यातली घाण खायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल, या भुकेला बीओडी म्हणतात. परदेशात ती २० अंश तापमानाला पाच दिवस मोजतात. आपल्याकडे २७ अंशांना तीन दिवस मोजतात, कारण आपल्या उष्ण हवेत त्यांची भूक लवकर भागते. कच्च्या मैलापाण्याची ही भूक लिटरला दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम असते आणि नदीच्या लिटरभर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम. एका ताटावर तीस पाहुणे बसले की काय व्हायचं तेच होतं, माशांच्या वाट्याला काही उरत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये म्हटलं की शुद्ध करून सोडलेल्या पाण्याची भूक १० च्या वर नको.

बाजूला काढलेल्या साक्याचं काय होतं, तर त्याला झाकबंद टाकीत हवेशिवाय कुजू देतात आणि त्यातून मिथेन मिळतो. इथे मुंबईचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. माटुंग्याला १८९० मध्ये निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रम निघाला. तो काढणारे मुंबईचे महापालिका आयुक्त हॅरी अ‍ॅक्वर्थ. मराठी वाचकाला हे नाव भलत्याच कारणाने ओळखीचं असेल. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापणारे ते हेच. पुढे या आश्रमाच्या मैल्याच्या टाक्यांवर वायू धरायची सोय केली गेली आणि १८९७ च्या सुमारास त्या वायूवर इंजिन चालवलं गेलं. जगातल्या बायोगॅसच्या इतिहासात माटुंग्याचा हा उल्लेख हटकून येतो. वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय आजही आहे.

इतकं सगळं शंभर-सव्वाशे वर्षांपासून माहीत असताना नद्या अशा का, याचं उत्तर मला तरी जिवाणूंच्या विज्ञानात सापडत नाही. ते पाइपात आणि वीजबिलात आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या हिशेबात देशातल्या शहरांचं सांडपाणी रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर होतं आणि बांधलेल्या प्रकल्पांची क्षमता ३१,८४१. प्रत्यक्षात शुद्ध झालं २०,२३६, म्हणजे शंभर लिटरमागे अठ्ठावीस. महाराष्ट्राची बांधलेली क्षमता ६,८९० दशलक्ष लिटर, ती देशात सर्वांत जास्त. पण राज्याचं सांडपाणी ९,१०७. मुंबईचं पाणी आजवर बव्हंशी जुजबी गाळून वरळी आणि वांद्र्याहून ३.४ किलोमीटर लांब बोगद्यांतून समुद्रात सोडलं जात आलं. आता शहरात रोज एकूण २,४६४ दशलक्ष लिटरचे सात नवे प्रकल्प उभे राहत आहेत.

बांधलेल्या आणि चाललेल्या क्षमतेतलं अंतर कुठून येतं? प्रकल्प उभा राहतो, उद्घाटन होतं, पण वस्तीपासून तिथपर्यंतचा पाइप जागेच्या वादात अडकतो आणि सांडपाणी शेजारच्या नाल्यातून निघून जातं. दुसरं कारण हवेचं. प्रकल्पाला लागणाऱ्या विजेतला निम्म्याहून जास्त वाटा बुडबुडे सोडण्यात जातो. २० हजार चौरस मीटरच्या वरच्या गृहसंकुलांना पर्यावरण परवानगी घेताना स्वतःचा शुद्धीकरण प्रकल्प बांधावा लागतो. अशाच एका संकुलात माझे एक स्नेही राहतात. तिथे बिल वाचवायला हवा सोडणारे ब्लोअर रात्री बंद ठेवत. सकाळपर्यंत विरजण नासलेलं असायचं, बागेत फवारलेल्या पाण्याला वास यायचा आणि मीटिंगमध्ये सगळे मिळून ठेकेदाराला धरायचे.

पुण्यात नदी जलपर्णीने हिरवीगार होते तेव्हाही तक्रार जलपर्णीबद्दल असते. तिला तिथे खत कोण घालतं, हा प्रश्न मागे राहतो. सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस हेच तिचं खत. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीत साठते, उजनीतून सोलापूर पाणी पितं आणि तीच नदी पंढरपुरात चंद्रभागा होते.

सगळीकडे पाइप टाकणं शक्यही नाही. लहान शहरांत घरोघरी सेप्टिक टँक आहेत आणि ते दोन-तीन वर्षांनी उपसायचे असतात हे घरमालकाला माहीत नसतं. टाकी उतू गेली की तो जागा होतो. वाई आणि सिन्नरने यावर साधा तोडगा काढला. नगरपरिषदेची गाडी दर तीन वर्षांनी पाळीपाळीने प्रत्येक दारी येते, टाकी उपसते आणि गाळ शुद्धीकरणाला नेते. बोलवायची वाट बघत नाही. खेड्यात तर शोषखड्डाच उत्तम. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत घराघरात असे खड्डे झाले, मोरीचं पाणी जमिनीत मुरू लागलं, उघडी गटारं गेली आणि डासही. या ‘नांदेड पॅटर्न’ची चर्चा राज्याबाहेरही झाली.

मोठ्या शहरांत मला नागपूरचं उदाहरण आवडतं. भांडेवाडीच्या प्रकल्पात शहराचं मैलापाणी शुद्ध होतं आणि ते कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला थंडाव्यासाठी विकलं जातं, रोज १३० दशलक्ष लिटर धरून ही योजना आखली गेली. वीज केंद्र पेंच धरणाचं तेवढं पाणी सोडून देतं. प्रकल्पापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी असंच पाणी वापरावं, असं पुढे २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणातही आलं. ऐन मे महिन्यात पेंचची पातळी खाली जाते तेव्हा सगळ्या खात्यांच्या नजरा आकाशाकडे लागतात. भांडेवाडीचा ओघ मात्र तसाच चालू असतो, कारण पंचेचाळीस अंशांत नागपूरकर दोनदा आंघोळ करतात.